डाव्या चाकाचा बुश

धाकट्या जावयांची गाडी खड्ड्यातून गेली की पुढच्या डाव्या चाकाजवळून 'खटक्' असा आवाज येई. इमारतीच्या फाटकापाशी स्पीडब्रेकर होता तिथे तर चढताना एकदा आणि उतरताना एकदा, असा दोनदा येई. आवाज तसा काही फार मोठा नव्हता. पण त्याच फाटकातून, त्याच स्पीडब्रेकरवरून, तसलीच पांढरी गाडी घेऊन थोरले जावई रोज सकाळी गाणी लावून डौलात निघून जात आणि त्यांच्या गाडीचा हूं की चूं ऐकू येत नसे. खरं दुखणं ते होतं.

थोरले म्हणजे बायकोच्या ताईचे यजमान. एका सासऱ्यांचे हे दोन जावई एकाच इमारतीत राहत, थोरले वरच्या मजल्यावर आणि धाकटे त्यांच्या बरोबर खाली, आणि ही रचनासुद्धा धाकट्यांना कधीच आवडली नव्हती. एक कंपनी बंद पडली तेव्हा तिच्या गाड्या विकायला निघाल्या, त्यांतल्या दोन दोघांनी मिळून घेतल्या. एकच रंग, एकच वर्ष, एकच मॉडेल. नंबरातला शेवटचा आकडा तेवढा वेगळा. पुढे दोन्हींवर घालायला राखाडी कव्हरंसुद्धा जोडीनंच आणली. एवढं सारखं असताना एकच गाडी खटखटावी आणि तीही आपलीच असावी, यात धाकट्यांना नियतीचा सरळसरळ पक्षपात दिसे.

"बुश गेलेत," थोरले पहिल्या दिवसापासून सांगत होते. "लोअर आर्मचे. चाकाला धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो ना, त्याच्या सांध्यातलं रबर. झिजलं की लोखंडावर लोखंड आपटतं. मी माझे कधीच बदलले. स्वतः. घरच्या घरी!"

हे 'घरच्या घरी' धाकट्यांच्या घरात येऊन राहिलं होतं. नळ गळला की बायको म्हणे, "भावोजींनी तर गाडीचे बुश घरच्या घरी बदलले." ट्यूबलाइट फडफडली तरी भावोजींचे बुश निघत. धाकटे गाड्यांच्या विम्याच्या कचेरीत काम करत. अपघातग्रस्त गाडीचा फोटो आणि कागदावरचा नंबर जुळतो का हे पाहून दावा मंजूर किंवा नामंजूर करणं हे त्यांचं काम. नंबरातला एक आकडा चुकला म्हणून त्यांनी भल्याभल्यांना परत पाठवलं होतं आणि कचेरीत त्यांच्या नजरेची दहशत होती. पण नजरेनं नळ दुरुस्त होत नाही, हेही खरंच.

त्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रविवारी त्यांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं. दोन्ही लेकी आणि दोन्ही जावई पलंगाभोवती उभे असताना सासूबाई म्हणाल्या, "ज्याच्या गाडीत माझा नवा गुडघा निखळणार नाही त्याच्या गाडीतून येईन." आणि त्या थोरल्यांकडे पाहून हसल्या. बायकोही हसली. तिनं फक्त "भावोजींचीच न्यावी लागेल" एवढंच म्हटलं, पण ज्या आवाजात म्हटलं तो आवाज धाकट्यांच्या वाट्याला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून आला नव्हता. सासूबाई कुणाच्याही गाडीतून आल्या असत्या तरी धाकट्यांची हरकत नव्हती. त्यांना तो आवाज हवा होता.

"माझीच नेऊ," धाकटे म्हणाले. "शनिवारी बुश बदलतोय. घरच्या घरी."

सासूबाईंनी गुडघ्यावर हात ठेवला.

पहिली अडचण सेक्रेटरींची. इमारतीच्या आवारात गाडी दुरुस्त करायला बंदी होती आणि ती बंदी सेक्रेटरींनी स्वतः घातली होती. आधी ते म्हणाले, अजिबात नाही. मग म्हणाले, सासूबाईंचं कारण आहे म्हणून विचार करतो. विचार करून त्यांनी अटी काढल्या. पार्किंगमध्ये रेषा रंगवायचं काम चालू होतं, तेव्हा मधली जागा मिळणार नाही. काम पंपाच्या खोलीमागच्या कोपऱ्यात, मोरीजवळ करायचं. गाडी तिथे वॉचमन नेऊन लावेल, कारण रेषांमुळे सगळ्या गाड्या सध्या तोच हलवतोय आणि सगळ्यांच्या जादा किल्ल्या त्याच्याकडेच आहेत. आणि शेवटची अट म्हणजे, गाडीवरचं कव्हर काढायचं नाही.

"कव्हर न काढता चाक कसं काढणार?" धाकट्यांनी विचारलं.

"चाकापुरतं वर करा. घरं बघायला माणसं येतात हो इथे! आल्या आल्या त्यांनी गॅरेज बघायचं? तुमच्या सासूबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा नाही, सगळं अंग झाकून गुडघा तेवढा उघडा ठेवला असेल?"

शनिवारी सकाळी ते जुना शर्ट घालून, पाने, जॅक आणि नवे बुश घेऊन खाली उतरले तेव्हा राखाडी कव्हर घातलेली गाडी कोपऱ्यात उभी होती. त्यांनी पुढच्या डाव्या अंगाचं कव्हर चाकापुरतं वर करून दोरीनं बांधलं, गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळे दिले आणि चाक काढलं. इथवर सगळं सुरळीत झालं. बायको खिडकीत येऊन पाहून गेली. धाकट्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण कामात गढलेला माणूस वर पाहत नसतो.

चाकामागे आत वाकून बघतात तो लोअर आर्मच्या सांध्यात कुणीतरी कापड कोंबलं होतं. मखमली, निळं, वर पिवळी फुलं. चांगलं घट्ट गुंडाळून, वर तार आवळून बांधलेलं. कंपनीच्या ड्रायव्हरचे उद्योग असणार, धाकट्यांनी मनाशी म्हटलं. तार तोडून त्यांनी ते ओढून काढलं आणि हात पुसायला बरं म्हणून पँटच्या खिशात कोंबलं.

मग बोल्टशी गाठ पडली. आर्मचा मागचा बोल्ट गंजून असा बसला होता की पाना लावून धाकटे त्यावर चक्क उभे राहिले तरी तो हलेना. तेल सोडलं. थांबले. पुन्हा उभे राहिले. पाना सटकला आणि ते मोरीत बसले. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर दवाखान्यात जायला निघाले होते, ते थांबले.

"ओढू नका," डॉक्टर म्हणाले. "लोक इथेच चुकतात. आधी हलवा. थोडं इकडे, थोडं तिकडे. मुळापासून सैल करा, मग आपोआप येतो."

"दात नाहीये तो, डॉक्टर."

"तत्त्व एकच आहे," डॉक्टर म्हणाले आणि जाता जाता गाडीला उद्देशून सवयीनं "दुखणार नाही हं" असं म्हणून गेले.

तत्त्व खरंच एकच निघालं. थोडं इकडे, थोडं तिकडे करता करता कर्र आवाज झाला आणि बोल्ट सुटला. धाकट्यांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. आता मात्र त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं. खिडकीत बायको नव्हती. तिच्या वरच्या बाल्कनीत थोरले होते, हातात चहाचा कप घेऊन.

"काय साडूभाऊ! पोचलात कुठवर?"

उंटावरून शेळ्या हाकणं हा थोरल्यांचा आवडता उद्योग. फर्निचरच्या शोरूमचे मॅनेजर असल्यामुळे दिवसभर दुसऱ्याकडून सोफे उचलून घ्यायची सवय. थोड्या वेळानं ते खालीच आले, शुभ्र कपड्यांत, आणि प्लॅस्टिकची खुर्ची मागवून बसले. आर्म बाहेर निघाला होता. धाकट्यांनी तो पायरीवर ठेवून त्यातल्या बुशाकडे पाहिलं आणि त्यांना स्वतःचीच कीव आली. रबर फाटून चिंध्या झाल्या होत्या, मधली लोखंडी नळी आत खुळखुळत होती.

"अरेरे!" थोरले जवळ वाकून म्हणाले. "ही काय अवस्था केलीत हो गाडीची? असं रबर मी जन्मात पाहिलं नाही. गाडीवर प्रेम नसलं की असं होतं. माझा बुश बघाल तर अजून कोरा करकरीत."

धाकट्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी एका बाजूला पान्याचा मोठा पोकळ सॉकेट, दुसऱ्या बाजूला लहान सॉकेट लावून मधून लांब बोल्ट घातला, म्हणजे बोल्ट आवळत जाईल तसा जुना बुश ढकलला जाऊन मोठ्या सॉकेटमध्ये उतरेल. तो अर्धा उतरला आणि अडला.

"हाणा!" थोरले म्हणाले.

"आर्म वाकेल."

"वाकतोय कशाला! जोरात मारा हो. घाबरू नका, गाडी जुनीच आहे." थोरल्यांनी स्वतः वर जाऊन आपला मोठा हातोडा आणून दिला. "माझी असती तर मी केव्हाच हाणली असती!"

धाकट्यांनी हातोडा घेतला. पहिला घाव अंगठ्यावर बसला. दुसरा घाव त्यांनी ज्या त्वेषानं घातला त्यात खटखटीचा राग थोडा आणि 'घरच्या घरी'चा फार होता. बुश बंदुकीच्या गोळीसारखा सुटला आणि रेषा रंगवायच्या पांढऱ्या रंगाच्या बादलीवर जाऊन आदळला. बादली आडवी झाली. रंग धाकट्यांच्या पँटवरून, थोरल्यांच्या चपलांवरून, सेक्रेटरींनी सकाळीच मोजूनमापून आखून घेतलेल्या तीन जागांवरून निवांत वाहत मोरीला मिळाला. थोरले उडी मारून खुर्चीवर चढले.

त्यानंतर सेक्रेटरी आले. ते काय म्हणाले ते इथे सांगण्यात अर्थ नाही, पण 'गुडघा तेवढा उघडा ठेवायचा म्हटलं होतं' हे वाक्य त्यात वारंवार आलं. धाकट्यांनी जेवायच्या वेळेत पार्किंग धुऊन काढलं. अंगठा लिंबाएवढा सुजला होता. चिंधी बांधून ते पुन्हा बसले, कारण हात दाखवून अवलक्षण झालंच होतं, आता निदान काम तरी पुरं व्हायला हवं होतं.

नवे बुश मात्र गोडीनं बसले. बायकोचा चांगल्यातला साबण त्यांनी बाहेरून चोळला आणि त्याच लांब बोल्टच्या शिकंज्यात धरून हळूहळू दाबत गेले तसे ते आत सरकले. आर्म जागेवर चढवला, चाक लावलं, गाडी खाली चाकांवर घेतली आणि मगच आर्मचे बोल्ट शेवटचे आवळले. गाडी अधांतरी असताना आवळले तर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं, हे त्यांनी आठवडाभर व्हिडिओ बघून पाठ केलं होतं. थोरले हे पाहायला थांबले नाहीत, ते चपला धुवायला गेले ते गेलेच.

संध्याकाळ झाली. धाकट्यांनी मोठ्या समाधानानं कव्हर ओढून काढलं, दाराला किल्ली लावली. किल्ली फिरेना. त्यांनी ती काढून पुसली, फुंकली, पुन्हा लावली. मग काचेतून आत पाहिलं. समोर डॅशबोर्डवर एक प्लॅस्टिकचा कुत्रा मान हलवत होता.

तो कुत्रा थोरल्यांचा होता.

धाकटे मागे जाऊन नंबरप्लेटसमोर उभे राहिले. ज्या माणसानं एका आकड्यापायी आयुष्यभर लोकांचे दावे फेटाळले, तो बराच वेळ त्या एका आकड्याकडे पाहत राहिला. वॉचमनला बोलावलं. वॉचमन म्हणाला, "साहेब, जावयांची पांढरी गाडी लाव, असं सेक्रेटरीसाहेब म्हणाले. जावई दोन, गाड्या पांढऱ्या दोन. जी किल्ली हाताला लागली ती लावली. त्याच घरातली आहे ना?"

त्या क्षणी धाकट्यांना खिशातलं कापड आठवलं. त्यांनी ते उजेडात धरलं. निळ्या मखमलीवर पिवळी फुलं! याच फुलांवर बसून ते दर आठवड्याला मेव्हणीच्या हातचा चहा पीत होते. म्हणजे थोरल्यांनी कधीही बुश बदलला नव्हता. आपल्या सोफ्याचं उरलेलं कापड आर्मला गुंडाळलं होतं, आणि तरी जो आवाज उरे तो झाकायला गाणी लावली होती!

आनंदानं त्यांचे पाय जिन्याकडे धावले आणि पहिल्याच पायरीवर थबकले. हे सांगायचं म्हणजे आपण दिवसभर, डोळ्यांसमोर, दुसऱ्याची गाडी दुरुस्त करत बसलो हेही सांगायचं. थोरले उद्या हजार ठिकाणी हसत सांगतील. बायको काय म्हणेल? कचेरीत कळलं तर? इकडे आड, तिकडे विहीर. आणि सर्वांत जिव्हारी लागलं ते हे की आता थोरल्यांची गाडी खरोखरच चांगली झाली होती. नवे बुश आपल्या पैशाचे, घाम आपला, अंगठाही आपलाच. स्वतःच्याच हाताच्या कामाचा कुणाला मत्सर वाटला असेल का? धाकट्यांना वाटला. त्यांना त्या बोल्टचासुद्धा मत्सर वाटला. वॉचमनकडून दोन्ही गाड्या जागच्या जागी लावून घेऊन ते वर गेले, आणि पँट बदलून बायकोला म्हणाले, "बुश बसायला दोन दिवस लागतात. उद्या भावोजींचीच गाडी नेऊ."

बायकोनं रंगानं माखलेली पँट उचलली, खिसे चाचपले आणि ती भिजवायला घेऊन गेली. त्यानंतर ती वॉचमनला दूध सांगायला म्हणून खाली गेली, ती जरा वेळानंच वर आली.

रविवारी सगळे थोरल्यांच्या गाडीतून दवाखान्यात गेले. परतताना सासूबाई पुढे बसल्या, पाय सरळ करून. मागे दोघी बहिणी आणि कडेला, दाराला चिकटून, धाकटे. गाडी सुरू होताच थोरल्यांचा हात सवयीनं गाण्यांच्या बटणाकडे गेला.

"ते बंद करा बाई," सासूबाई म्हणाल्या. "आठ दिवस त्या दवाखान्यात घंटाच ऐकतेय."

थोरल्यांनी गाणं बंद केलं. त्यांच्या मानेवर घाम आलेला धाकट्यांना मागून स्वच्छ दिसला. पहिला खड्डा जवळ आला तसे थोरले स्टिअरिंगला घट्ट धरून, डोळे बारीक करून बसले. गाडी खड्ड्यात उतरली आणि वर आली. आवाज नाही. दुसरा खड्डा. काही नाही. थोरल्यांनी मान किंचित वाकडी करून कान दिला. अखेर फाटकाचा स्पीडब्रेकर आला आणि गाडी त्यावरून लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

"वा!" सासूबाई म्हणाल्या. "पाण्यावर तरंगल्यासारखं वाटलं. याला म्हणतात गाडी ठेवणं! कुणी केलंय हो काम?"

थोरल्यांनी आरशात पाहिलं, सगळीकडे पाहिलं, आणि छाती फुगवली. "कुणी म्हणजे काय? मीच. घरच्या घरी!"

आयत्या बिळावर नागोबा! धाकट्यांनी सुजलेला अंगठा मुठीत दाबला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. तेवढ्यात त्यांच्या मुठीवर बायकोचा हात आला. तिनं अंगठा अलगद सोडवला आणि पदराखाली आपल्या हातात घेतला.

"भावोजी," ती म्हणाली, "तुमच्या हाताला खरंच तोड नाही."

तोच आवाज! धाकटे हात ओढून घ्यायला लागले. तिनं सोडला नाही.

"यांना नाही जमलं. काल दिवसभर राबले, पण आमची गाडी खटखटतेय ती खटखटतेच आहे. तुम्हाला तर सवय आहे. पुढच्या रविवारी आमच्याही गाडीचे बुश बदलून द्या ना. घरच्या घरी."

"हो हो," सासूबाई लगेच म्हणाल्या. "दोघं काय वेगळे आहात का? मी खिडकीत बसून बघेन."

"म्हणजे, तसं, रविवारी शोरूममध्ये..." थोरले म्हणाले.

"रविवारी शोरूम बंद असतं," त्यांची स्वतःची बायको म्हणाली.

"आणि हे तेवढं राहू द्या तुमच्याजवळ." धाकट्यांच्या बायकोनं पुढे वाकून थोरल्यांच्या मांडीवर एक घडी ठेवली. निळी मखमल, पिवळी फुलं, धुऊन इस्त्री केलेली. "हात पुसायला लागेल. यांच्या खिशात सापडलं. कुठून आलं असेल, तुम्हालाच ठाऊक."

थोरले त्या घडीकडे पाहत राहिले. मग आरशात पाहिलं. आरशात धाकटे होते, आणि लग्नानंतर प्रथमच त्यांनी थोरल्यांच्या नजरेला नजर दिली. थोरल्यांचा हात पुन्हा एकदा गाण्यांच्या बटणाकडे गेला, पण सासूबाईंनी तो वाटेतच अडवला.

पुढच्या रविवारी पंपाच्या खोलीमागे राखाडी कव्हर घातलेली पांढरी गाडी उभी होती. पुढच्या डाव्या चाकापुरतं कव्हर वर केलेलं होतं आणि त्याखालून थोरल्यांचे पाय बाहेर आले होते. बोल्ट हलत नव्हता. दाताचे डॉक्टर तत्त्व सांगून गेले होते. वर खिडकीत सासूबाई पाय लांब करून बसल्या होत्या.

धाकटे चहाचा कप घेऊन खाली आले. बायकोनं स्वतःहून करून दिलेला चहा होता. प्लॅस्टिकच्या खुर्चीकडे जाण्याआधी ते गाडीच्या मागे गेले, कव्हर उचललं, नंबरातला शेवटचा आकडा नीट वाचून खात्री करून घेतली. मग खुर्चीत बसले, एक घोट घेतला आणि म्हणाले,

"जोरात मारा, साडूभाऊ. घाबरू नका, गाडी जुनीच आहे."